वाचकांचे प्रश्न : टाळेबंदीतला हप्ता आणि गावातली यादी

कोरोनाच्या काळात शेतकऱ्यांच्या खात्यावर आलेल्या सरकारी मदतीविषयी आमच्याकडे अजूनही पत्रे येतात. काहींना त्या वेळी पैसे मिळाले नाहीत, काहींना मिळाले आणि नंतर परत मागितले गेले, तर काहींना गावात कुणाला किती मिळाले हे विचारले म्हणून कार्यालयातून माघारी फिरावे लागले. त्यांतील निवडक प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे आम्ही जाणूनबुजून छापलेली नाहीत.

प्रश्न : एप्रिल २०२० मध्ये माझ्या खात्यावर दोन हजार रुपये जमा झाले. ती कोरोनाची खास मदत होती, असे आमच्याकडे सगळे समजतात. मग त्या वर्षी आम्हाला आठ हजार मिळायला हवे होते, पण पासबुकात सहाच हजार दिसतात. उरलेले दोन हजार कुठे गेले? (एक शेतकरी, लातूर जिल्हा)

आपले दोन हजार कुठेही गेलेले नाहीत, कारण ते कधी जाहीरच झाले नव्हते. पंतप्रधान किसान सन्मान निधी ही योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. तिच्यात पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, प्रत्येकी २,००० च्या तीन हप्त्यांत मिळतात. एप्रिल ते जुलै, ऑगस्ट ते नोव्हेंबर आणि डिसेंबर ते मार्च असे हे हप्ते आहेत. २६ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशभर टाळेबंदी लागू झाल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे गरीब कल्याण पॅकेज जाहीर केले. २०२०-२१ चा पहिला हप्ता एप्रिलमध्येच, सुमारे ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना दिला जाईल, अशी त्यातील एक घोषणा होती. याचा अर्थ, चार महिन्यांच्या मुदतीत केव्हातरी येणारा हप्ता त्या मुदतीच्या सुरुवातीलाच आला. रक्कम वाढली नाही, तिची वेळ तेवढी अलीकडे आली. त्या वर्षाच्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ७५ हजार कोटींची तरतूद फेब्रुवारीतच झालेली होती.

वेळेवर आलेल्या दोन हजारांचे मोल मी कमी लेखत नाही. बाजार समित्या बंद, भाजीला गिऱ्हाईक नाही आणि बँकेबाहेर चुन्याने आखलेल्या वर्तुळांत एकेक माणूस उभा, अशा दिवसांत त्या रकमेने अनेक घरांत किराणा आला. तरीही आधीच ठरलेला हप्ता आणि संकटासाठी नव्याने दिलेला पैसा एकाच बेरजेत धरले, की लोकांना हिशेब कळत नाही. आपल्याला पडलेला प्रश्न त्यातूनच निर्माण झाला आहे. पारदर्शकतेची पहिली पायरी हीच आहे, की जाहीर केलेल्या रकमेतील नवी किती आणि जुनी किती, हे सरकारने त्याच दिवशी, त्याच कागदावर वेगवेगळे सांगावे.

प्रश्न : माझे पती सप्टेंबर २०२० मध्ये कोरोनाने गेले. त्यांच्या नावावर हप्ता येत होता, तो बंद झाला. वारस नोंद व्हायला दीड वर्ष लागले. नंतर मी माझ्या नावाने अर्ज केला, तो नामंजूर झाला. कारण विचारले, तर ‘वरून नामंजूर झाला आहे’ एवढेच सांगतात. मी काय करावे? (एक वाचक भगिनी, बीड जिल्हा)

ताई, आपला अर्ज वारसाचा आहे, हे पहिल्याच ओळीत ठळकपणे लिहावे, कारण सारा घोळ बहुधा तिथेच झालेला असतो. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन ज्याच्या नावावर होती, तोच पात्र ठरतो. त्यानंतर खरेदीने किंवा बक्षीसपत्राने जमीन नावावर आलेल्यांना लाभ मिळत नाही. मात्र जमीनधारकाच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने जमीन आलेल्यांना या अटीतून स्पष्ट सूट आहे. आपल्या सातबाऱ्यावर नाव लागल्याची तारीख २०२२ ची दिसते. फेरफार कशाचा आहे हे न पाहता केवळ तारीख पाहिली, तर अर्ज बाद होतो. म्हणून सातबाऱ्याबरोबर वारसाचा फेरफार आणि पतीचा मृत्यूचा दाखला ही दोन्ही कागदपत्रे जोडलेली आहेत ना, ते आधी पाहावे. ई-केवायसी झाली आहे का, बँक खाते आधारशी जोडलेले आहे का आणि योजनेच्या नोंदीत आपली जमीन चढली आहे का, या तीन गोष्टी योजनेच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून तपासता येतात. गावातील सेवा केंद्रातही हे पाहून मिळते.

आता ‘वरून नामंजूर’ या उत्तराविषयी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(घ) नुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाची झळ पोहोचलेल्या व्यक्तीला कळवणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. आपण मागण्याआधीच ते त्यांनी करायला हवे होते. तसे झालेले नाही, म्हणून साध्या कागदावर, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून, तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करावा. मजकूर थोडका असावा. उदाहरणार्थ : ‘माझा अमुक नोंदणी क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला, कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने, कोणत्या कारणास्तव नामंजूर केला, याची नोंद असलेल्या कागदाची किंवा संगणकीय नोंदीची प्रत मिळावी.’ अर्जात ‘का’ असे विचारण्यापेक्षा ‘नोंदीची प्रत’ मागावी, कारण कायद्याने कार्यालयाकडे जे अभिलेख आहेत तेच मागता येतात. ‘हा विषय तहसीलचा आहे’ असे सांगून आपल्याला परत पाठवले, तर ते चुकीचे आहे. कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांच्या आत योग्य कार्यालयाकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांचीच आहे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर त्यानंतरच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

कोरोनात घरचा कर्ता गेला आणि मदत नेमकी तेव्हाच थांबली, अशी आपल्यासारखी कुटुंबे थोडी नाहीत. या पत्रांतून मला एक गोष्ट फार ठळकपणे दिसते. पैसे मिळालेल्यांची यादी कुठे ना कुठे सापडते. नाकारलेल्यांची यादी, कारणांसह, कुठेच लावलेली नसते, आणि गरज तर तिचीच जास्त असते.

प्रश्न : आमच्या गावात २०२० आणि २०२१ मध्ये किसान सन्मानचे पैसे कुणाकुणाला मिळाले, याची यादी मी माहिती अधिकारात मागितली. ‘ही व्यक्तिगत माहिती आहे, देता येत नाही’ असे उत्तर आले. हे बरोबर आहे का? आणि शेजाऱ्याला किती मिळाले हे मला का कळावे, असा उलटा प्रश्न मला विचारला गेला, त्याला काय सांगू? (एक निवृत्त शिक्षक, सोलापूर जिल्हा)

गुरुजी, माझ्या मते हे उत्तर बरोबर नाही. मात्र आता त्याला पूर्वीपेक्षा काळजीपूर्वक तोंड द्यावे लागेल.

आधी कायदा पाहू. कलम ४(१)(ख) मध्ये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या सतरा बाबी दिल्या आहेत. त्यांतील बारावी बाब अनुदानाच्या कार्यक्रमांविषयी आहे : कार्यक्रम कसा राबवला, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण. म्हणजे लाभार्थ्यांचा तपशील ही मागून घ्यायची गोष्ट नाही, तो न मागता भिंतीवर लागायला हवा. किसान सन्मान योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतही लाभार्थ्यांच्या याद्या गावपातळीवर प्रसिद्ध करण्यास सांगितले आहे, आणि योजनेच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडून नावांची यादी कुणालाही पाहता येते. जी नावे केंद्र सरकार स्वतः दाखवते, ती तालुक्याच्या कार्यालयात गुप्त कशी ठरतील? आपल्या अपिलात हा मुद्दा पहिला घ्यावा.

दुसरी बाजू अशी. व्यक्तिगत माहिती नाकारण्याचा आधार कलम ८(१)(ञ) मध्ये आहे. पूर्वी त्या कलमात माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा तिच्यामुळे खासगीपणावर विनाकारण अतिक्रमण होत असेल तरच ती नाकारता येत असे, आणि जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असेही तिथे लिहिलेले होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने हा मजकूर काढून तिथे फक्त ‘व्यक्तिगत माहिती’ एवढेच ठेवले, आणि हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. मला हा बदल चिंतेचा वाटतो, कारण नाकारण्यासाठी आता कमी विचार करावा लागेल. तरीही दोन गोष्टी शिल्लक आहेत. कलम ४ ला हात लागलेला नाही. आणि कलम ८(२) प्रमाणे, माहिती उघड करण्यातील सार्वजनिक हित हे होणाऱ्या हानीपेक्षा मोठे असेल, तर कोणतीही सूट असली तरी माहिती देता येते. आपल्या पहिल्या अर्जात यांपैकी कशाचा उल्लेख नसेल, तर अपिलात दोन्ही कलमे लिहावीत.

सार्वजनिक हित म्हणजे काय, हे दाखवणारे दाखले याच योजनेने दिले आहेत. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलेल्या आकड्यांनुसार २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींना १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते, आणि महाराष्ट्रातील संख्या २ लाख ८६ हजार होती. जुलै २०२१ मध्ये लोकसभेत दिलेल्या उत्तरात हे आकडे आणखी वाढले : अपात्र ४२ लाखांहून अधिक आणि वसूल करायची रक्कम २,९९२ कोटी, त्यात महाराष्ट्रातील ४ लाख ४५ हजार खातेदार. एका अर्जदाराने दहा रुपयांचा अर्ज केला म्हणून पहिला आकडा लोकांना कळला.

तमिळनाडूत २०२० च्या मध्यात जे घडले ते तर टाळेबंदीशीच जोडलेले आहे. शेतकऱ्याने स्वतः ऑनलाइन नोंदणी करायची सोय खुली झाली होती, तपासणी करणारे कर्मचारी साथीच्या कामात गुंतलेले होते, आणि दलालांनी अधिकाऱ्यांचे लॉगिन व पासवर्ड वापरून शेती नसलेल्यांची नावे मंजूर करून घेतली. राज्याच्या कृषी विभागाने स्वतः सांगितलेला आकडा साडेपाच लाख बोगस लाभार्थी आणि ११० कोटी रुपये असा होता. विचार करावा, की यांतील प्रत्येक गावाची यादी त्या गावाच्या चावडीवर त्याच महिन्यात लागली असती तर काय झाले असते. संगणकाला आधार क्रमांक कळतो, पण सर्व्हे नंबर कुणाचा आहे, कोण गावात राहतो आणि कुणाच्या पायाला कधी चिखल लागलेला नाही, हे गावाला कळते.

आता ‘शेजाऱ्याचे तुम्हाला कशाला?’ या प्रश्नाकडे येऊ. तो उडवून लावण्याजोगा नाही. युरोपीय संघात शेतीच्या अनुदानाच्या याद्या नावांसह प्रसिद्ध होत असत. जर्मनीतील हेसे राज्यातील शेतकऱ्यांनी त्याला आव्हान दिले, आणि ९ नोव्हेंबर २०१० रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला, की रक्कम किती, मदत कोणत्या प्रकारची आणि किती काळ मिळाली, असा कोणताही फरक न करता सरसकट प्रत्येक व्यक्तीचे नाव छापणे प्रमाणाबाहेर आहे. त्यानंतर २०१३ मध्ये नियम बदलले, आणि ठरावीक लहान रकमेच्या, म्हणजे कमाल १,२५० युरोपर्यंतच्या लाभार्थ्यांची नावे वगळून बाकीच्यांची नावे पुन्हा प्रसिद्ध होऊ लागली. अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे २००८ च्या शेतीविषयक कायद्यात शेतकऱ्याने सरकारला दिलेली शेताची व पिकांची माहिती गोपनीय ठेवली, पण सरकारकडून मिळालेल्या पैशांची रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव त्या गोपनीयतेतून स्पष्टपणे बाहेर काढले. २०२० मध्ये तिथे कोरोनासाठी शेतकऱ्यांना थेट मदतीचे १६ अब्ज डॉलर जाहीर झाले आणि एका व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंतची मर्यादा ठेवली गेली. इतक्या मोठ्या रकमा कुणाकडे गेल्या, हे तिथल्या पत्रकारांना आणि अभ्यासकांना तपासता आले ते त्या एका वाक्यामुळे.

आपल्याकडे रक्कम लहान आहे आणि सर्वांना सारखी आहे. म्हणून ‘शेजाऱ्याला किती मिळाले’ यात गुपित असे काही नाही, ते वर्षाला सहा हजारच आहेत. प्रश्न फक्त नाव आहे की नाही एवढाच आहे. यादीत नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, हप्त्याची तारीख आणि रक्कम असावी. आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाइल क्रमांक यांतील एक अंकही नसावा. हे आग्रहाने सांगतो, कारण फसवणुकीचे फोन अशाच याद्यांवरून येतात. आपल्या अर्जात ‘आधार व खाते क्रमांक वगळून’ असे शब्द आपणच घालावेत. कलम १० प्रमाणे कार्यालयाला तेवढा भाग झाकून उरलेली माहिती देता येते, आणि मग नाकारण्याचे कारण उरत नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, तेवढे सांभाळावे.

प्रश्न : मला ‘आयकरदाता’ म्हणून वसुलीची नोटीस आली आहे. मी कधीही आयकर भरलेला नाही. मुलगा पुण्यात नोकरी करतो, तो भरतो. वसुलीची यादी ग्रामपंचायतीत लागली आणि लोक मला सरकारी पैसे लुबाडणारा म्हणू लागले. पैसे भरून मोकळे व्हावे का? (एक शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

आधी नोटिशीचा आधार लेखी मागावा आणि मगच पैशांचे ठरवावे. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. सज्ञान मुलगा आपल्या कुटुंबात मोजला जात नाही, म्हणून त्याने भरलेल्या करामुळे आपण अपात्र ठरत नाही. कोणत्या पॅन क्रमांकावर, कोणत्या कर निर्धारण वर्षात कर भरल्याची नोंद आहे, हे तहसील कार्यालयाकडे लेखी विचारावे. ती नोंद आपली किंवा आपल्या पत्नीची निघाली, तर रक्कम परत करावी. संकेतस्थळावर परताव्याची सोय आहे आणि भरल्याची पावती जपून ठेवावी. नोंद मुलाची निघाली, तर लेखी हरकत द्यावी आणि यादीतील नाव कमी केल्याचे पत्र मागावे.

आपल्या पत्रातील दुसरी वेदना मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्यांना पैसे परत करण्यास सांगितले त्या सर्वांनी फसवणूक केली, असे मुळीच नाही. २०१९ मध्ये घाईघाईने याद्या झाल्या, गावोगाव तलाठ्यांनी आणि कृषी सहायकांनी रात्री जागून माहिती भरली, आणि आयकराची नोंद पडताळण्याचे काम पैसे गेल्यानंतर झाले. म्हणून वसुलीची यादी लावताना प्रत्येक नावापुढे कारण आणि ‘हरकत प्रलंबित’, ‘रक्कम परत केली’ अशी सद्यःस्थिती लिहिली पाहिजे. नुसती नावे लावली, तर ती माहिती राहत नाही, बदनामी होते. पारदर्शकतेची बाजू घेणाऱ्या आम्ही सर्वांनी हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे.

प्रश्न : मी बटईने शेती करतो. टाळेबंदीत कलिंगडे शेतात कुजली, ती माझीच होती. मला काहीच का नाही? (जालना जिल्हा)

कारण ही योजना जमिनीच्या नोंदीवर उभी आहे, पिकाच्या नाही. बटईदाराचे नाव सातबाऱ्यावर नसते, म्हणून ते कोणत्याच यादीत येत नाही, आणि जे यादीत येत नाही त्याची तपासणीही होत नाही. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेत बटईदार आणि भूमिहीन शेतमजूर यांना सामावून घेतले होते, म्हणजे हे अशक्य नाही. आपल्याला आज सन्मान निधी मिळवून देणारा मार्ग मात्र मला सांगता येत नाही, आणि खोटी आशा दाखवणे योग्य होणार नाही.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर यादी आहे, असे ग्रामसेवक म्हणतात. पण ती कुणी वाचत नाही. ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावता येईल का? (तरुण मंडळाचे सदस्य, धाराशिव जिल्हा)

नक्की लावता येईल. फलकावर यादी असणे आणि ती वाचता येणे यांत फार अंतर असते. एका गावात मी काचेच्या कुलूपबंद पेटीतली यादी पाहिली आहे. वरचे पान उन्हाने पिवळे पडले होते, आणि उरलेली सहा पाने त्याच टाचणीने त्याच्या मागे लावलेली होती. पहिल्या पानावर नाव नसलेल्याला ती पेटी उघडल्याशिवाय काहीही कळण्याची सोय नव्हती, आणि किल्ली कुणाकडे आहे हे दोन तास विचारूनही कळले नाही.

महाराष्ट्रात यादी वाचण्याची रीत नवी नाही. २०१७ च्या कर्जमाफीच्या वेळी अर्जदारांच्या याद्यांचे चावडी वाचन झाले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेची पहिली यादी आली, तेव्हाही ती बँकेत आणि ग्रामपंचायतीत लावून शेतकऱ्याने स्वतः आपली रक्कम पाहून आधार प्रमाणीकरण करायचे होते. महिन्याभरात टाळेबंदी आली, ते काम अडले, ग्रामसभाही बराच काळ भरल्या नाहीत. म्हणजे ज्या काळात घाईने पैसे वाटले जात होते, त्याच काळात ते तपासण्याची गावाची एकमेव बैठक बंद होती.

आपण पुढच्या ग्रामसभेच्या आधी सरपंच आणि ग्रामसेवक यांच्याकडे लेखी मागणी द्यावी, की विषयपत्रिकेत ‘शेतकरी सन्मान निधीच्या लाभार्थ्यांचे, थांबलेल्या हप्त्यांचे आणि नामंजूर अर्जांचे वाचन’ हा विषय घ्यावा, आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयाच्या प्रतिनिधीस बोलवावे. मागणीच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. संकेतस्थळावरील गावाची यादी आपल्या मंडळाने आधीच छापून आणावी, म्हणजे ‘यादी उपलब्ध नाही’ या कारणाने विषय पुढे ढकलला जाणार नाही. वाचन करताना आधी नामंजूर आणि थांबलेले घ्यावेत, कारण ती माणसे समोर बसलेली असतात आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे असते. एखादे नाव गावातले वाटले नाही, तर तिथेच आरोप करू नये. त्या नावापुढे ‘पडताळणी व्हावी’ एवढी नोंद इतिवृत्तात घ्यायला लावावी, आणि सभा संपल्यावर त्या इतिवृत्ताची प्रत मागून घ्यावी.